मोटरसायकलच्या इंजिन ऑइलची तुलना कशी करावी: गाडी नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

ऑइल बदलायची वेळ आली की समोर डझनभर डबे येतात. कोणावर १०डब्ल्यू-३०, कोणावर २०डब्ल्यू-५०, शेजारी एसएन, एसएल, एमए२ अशी अक्षरं आणि मोठ्या ठशात ‘फुल्ली सिंथेटिक’. चार जणांना विचारावं तर चौघं चार कंपन्यांची नावं सांगतात आणि प्रत्येकाला आपलं ऑइल सर्वांत भारी वाटत असतं. बरीच वर्षं स्वतःच्या गाड्यांचं ऑइल स्वतः निवडून आणि बदलून माझं एक मत पक्कं झालं आहे: तुलना कंपनीच्या नावापासून सुरू केली की ती भरकटते. आधी आपल्या गाडीला कुठलं ऑइल चालतं याची चौकट ठरवायची. त्या चौकटीत बसतील तेवढेच डबे शेजारी ठेवायचे आणि मग खोलात जायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. मोटारीत इंजिनचं ऑइल फक्त इंजिनात फिरतं, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. बहुतेक मोटरसायकलींत मात्र एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरतं. इंजिनला निसरडेपणा हवा, क्लचच्या प्लेटांना पकड हवी, आणि गिअरचे दात तर ऑइलला अक्षरशः चिरडत असतात. या तीन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. बाइकच्या ऑइलसाठी वेगळी मानकं आली ती याच कारणाने.

हाताशी काय काय हवं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. कागदी हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचं, आपल्या वर्षाचं उतरवून घ्या.
- ज्या ऑइलांचा विचार करताय त्यांच्या डब्याच्या मागच्या बाजूचे फोटो. पुढच्या बाजूला जाहिरात असते, कामाचं मागे असतं.
- त्या प्रत्येक ऑइलची टेक्निकल डेटा शीट. बहुतेक कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ म्हणून ठेवतात.
- एक वही, किंवा फोनमधली नोंद.
- ऑइल स्वतः बदलणार असाल तर: योग्य मापाचा पाना, टॉर्क रेंच, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, ऑइल फिल्टर आणि त्याची ओ-रिंग, नरसाळं, मापाचं भांडं, जुनं ऑइल झेलायला पसरट ट्रे, हातमोजे.

## १. मॅन्युअलमधलं ऑइलचं पान शोधा

तिथे साधारण चार गोष्टी असतात: एसएई ग्रेड (ऑइलचा दाटपणा), एपीआयची पातळी (इंजिन ऑइलचं अमेरिकी मानक), जासोची पातळी (जपानी मानक, क्लचसाठी महत्त्वाचं) आणि किती ऑइल लागतं ते. उदाहरणार्थ होंडाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये असं लिहिलेलं असतं: एसएई १०डब्ल्यू-३०, जासो टी ९०३ एमए, एपीआय एसजी किंवा त्याच्या वरचं, मात्र ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं छापलेलं, म्हणजे इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी केलेलं ऑइल सोडून. ही एकच ओळ नीट वाचता आली तर निम्म्याहून अधिक डबे आपोआप बाजूला होतात.

काही मॅन्युअलमध्ये हवेच्या तापमानाचा तक्ताही असतो: इतक्या अंशांपासून इतक्या अंशांपर्यंत हा ग्रेड, त्यापुढे तो. म्हणजे त्या इंजिनला एकाहून अधिक ग्रेड चालतात. हा तक्ता असेल तर तो वहीत उतरवून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो.

ऑइल किती लागतं याचे बहुधा तीन आकडे दिलेले असतात: नुसतं ऑइल बदलताना, फिल्टरसकट बदलताना आणि इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर. तिसरा आकडा सर्वांत मोठा असतो. घाईत तोच वाचून तेवढं ऑइल ओतण्याची चूक सर्रास होते. आपल्याला लागतात ते पहिले दोन.

## २. क्लच ओला आहे का ते पाहा, मग जासोची अक्षरं वाचा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच वगळला जातो.

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याला वेट क्लच म्हणतात. मोटारीच्या कित्येक आधुनिक ऑइलांत मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं, म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, घातलेली असतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की क्लच घसरायला लागतो. एक्सलरेटर पिळला की इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र त्या मानाने पळत नाही. चढावर किंवा मागे कोणी बसलेलं असताना हे पटकन लक्षात येतं.

यासाठी जपानच्या वाहन उद्योगाने चार-स्ट्रोक मोटरसायकलींकरता जासो टी ९०३ हे मानक १९९८ साली आणलं. त्यात ऑइलमध्ये भिजलेला क्लच प्रत्यक्ष यंत्रावर लावून तीन गोष्टी मोजतात: प्लेटा एकमेकींवर सरकत असताना घर्षण किती, पूर्ण पकडल्यावर किती जोर सहन होतो आणि फिरतं चाक थांबायला किती वेळ लागतो. त्यावरून ऑइलचे गट पडतात.

- एमए: वेट क्लचला चालणारं, पुरेशी पकड देणारं ऑइल. २००६ च्या सुधारणेत याचे दोन पोटगट झाले.
- एमए१: एमएच्या पट्ट्यातला कमी घर्षणाचा भाग.
- एमए२: त्याच पट्ट्यातला जास्त घर्षणाचा भाग. ताकदवान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा हेच मागितलेलं असतं.
- एमबी: कमी घर्षणाचं ऑइल. ज्या स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो तिच्यासाठी हे योग्य. वेट क्लचच्या मोटरसायकलीत घालू नका.

मॅन्युअल एमए म्हणत असेल तर एमए२ चालतं. मॅन्युअल एमए२ म्हणत असेल तर एमए१ वर समाधान मानू नका. नुसतंच ‘एमए’ छापलेलं असेल तर ते पट्ट्याच्या कुठल्या भागात आहे हे डब्यावरून कळत नाही. तेव्हा एमए२ मागणाऱ्या गाडीला एमए२ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

या मानकात क्लचपलीकडच्याही अटी आहेत. ऑइलमधलं फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावं लागतं. इंजिनची झीज थांबवणारं झेडडीडीपी नावाचं रसायन फॉस्फरसवर आधारलेलं असतं, म्हणून खालची मर्यादा. जास्त फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर शुद्ध करणाऱ्या भागाला, बाधतं, म्हणून वरची.

सापळा: डब्यावर ‘जासो एमए२ ला अनुरूप’ असं कुणीही छापू शकतं. नोंदणी झालेल्या ऑइलवर जासोची चौकोनी खूण असते. तिच्या वरच्या भागात ऑइलचा ओळख क्रमांक आणि खाली एमए किंवा एमए२ अशी अक्षरं असतात. नोंदणीकृत ऑइलांची यादी जासोचं इंजिन ऑइल मंडळ आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. शंका आली तर ओळख क्रमांक तिथे ताडून पाहा. नोंदणी नसलेलं ऑइल वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, पण दोन सारख्या ऑइलांत एकाची नोंदणी असेल तर मी त्याच्याच बाजूने कौल देतो.

काही गाड्यांना ही चर्चा तशीच्या तशी लागू होत नाही. जुन्या डुकाटींमध्ये किंवा मोटो गुझीसारख्या गाड्यांमध्ये कोरडा क्लच असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विन गाड्यांत इंजिन, प्रायमरी (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं असतं. अशी गाडी असेल तर प्रत्येक जागेसाठी मॅन्युअल काय सांगतं ते स्वतंत्रपणे बघा.

## ३. ग्रेडचे आकडे काय सांगतात

१०डब्ल्यू-४० मध्ये दोन वेगळ्या माहित्या एकत्र लिहिलेल्या आहेत.

डब्ल्यू लागलेला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. इंजिन गार असताना ऑइल किती सहज हलतं ते तो सांगतो. आकडा जितका लहान तितकं गारव्यात ऑइल लवकर वर पोचतं. एसएई जे३०० या मानकात ५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंग चाचणी (गार इंजिन सुरू करताना ऑइल किती अडवतं त्याची) उणे ३० अंश सेल्सियसला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे कधी बर्फ पडत नसेल तरी हा आकडा अगदीच निरुपयोगी नाही. इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल इंजिनच्या वरच्या भागातल्या कॅमपर्यंत किती लवकर पोचतं यावर बरीच झीज अवलंबून असते.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनचा. १०० अंश सेल्सियसला ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. दाटपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात:

- ३० ग्रेड: ९.३ ते १२.५ च्या आत
- ४० ग्रेड: १२.५ ते १६.३ च्या आत
- ५० ग्रेड: १६.३ ते २१.९ च्या आत

हे पट्टे पाहिले की एक मोलाची गोष्ट ध्यानात येते. १२.३ सेंटिस्टोकचं ऑइल ३० ग्रेडचं आणि १२.७ चं ४० ग्रेडचं, म्हणजे लेबलं वेगळी, प्रत्यक्ष फरक नगण्य. उलट १२.७ आणि १६.० ही दोन्ही ऑइलं ४० ग्रेडचीच, पण एकमेकांपासून बरीच लांब. म्हणून नुसत्या ग्रेडवर तुलना संपत नाही. डब्याच्या आत नेमका कुठला आकडा आहे ते डेटा शीटमध्ये बघावं लागतं.

सापळा: ‘गाडी जुनी झाली, आता घट्ट ऑइल घाल’ हा सल्ला हमखास मिळतो. इंजिन खरंच ऑइल खात असेल आणि मॅन्युअलच्या तक्त्यात वरचा ग्रेड असेल तर तो घालून बघायला हरकत नाही. पण धूर येतोय, ऑइल घटतंय, तर दोष रिंगांत किंवा व्हॉल्व्ह सीलमध्ये असतो. घट्ट ऑइलने तो दुरुस्त होत नाही, फक्त झाकला जातो. बारीक अंतरं ठेवून बनवलेल्या आधुनिक इंजिनात उगाच दाट ऑइल घातलं तर गार इंजिनात ते उशिरा पोचतं, पंपावर ताण येतो, मायलेजही थोडं घटतं. दाट ऑइलने इंजिनचा आवाज मऊ होतो हे खरं, पण आवाज मऊ झाला म्हणजे झीज कमी झाली असं त्यावरून ठरत नाही.

## ४. एपीआयची अक्षरं

पेट्रोल इंजिनांसाठीची पातळी एस या अक्षराने सुरू होते आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. मॅन्युअल एसएल मागत असेल तर एसएन चालतं. मागे मात्र जायचं नाही.

इथेही एक खाच आहे. या पातळ्या मुळात मोटारींसाठी ठरवल्या जातात. एसएमपासून पुढच्या पातळ्यांत ३० आणि त्याखालच्या नेहमीच्या ग्रेडना फॉस्फरस ०.०८ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण मोटारीच्या कन्व्हर्टरची काळजी. म्हणून एसपी छापलं आहे एवढ्यावरून ते ऑइल तुमच्या बाइकसाठी एसएलहून सरस ठरत नाही. एपीआय बघायचं ते जासोच्या जोडीनेच. डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असेल तर त्याच्या खालच्या कडेला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलं आहे का ते जरूर पाहा. असेल तर ते ऑइल मोटारीसाठी ठेवा.

सी ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनांची. काही डिझेल ऑइलांवर जासो एमएही छापलेलं असतं आणि काही रायडर ती आवडीने वापरतात. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. बाइकसाठी बनवलेली ऑइलं पुरेशी आहेत.

## ५. मिनरल, सेमी, सिंथेटिक

ऑइलचा मोठा हिस्सा बेस ऑइलचा असतो, उरलेली रसायनं. बेस ऑइलचे एपीआयने पाच गट केले आहेत. पहिले दोन साध्या शुद्धीकरणाचे, त्यांना आपण मिनरल म्हणतो. तिसरा गट कच्च्या तेलातूनच येतो, पण हायड्रोजनच्या दाबाखाली त्याची रचना बदललेली असते. चौथा गट पीएओ, तो कारखान्यात घडवलेला. पाचव्यात एस्टर आणि बाकीचं सगळं.

तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावं का यावर १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीवरून वाद झाला आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने, म्हणजे म्हणता येतं असा लागला. तेव्हापासून बऱ्याच देशांत तिसऱ्या गटाचं ऑइल ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणूनच विकलं जातं. ते वाईट नाही, चांगल्यापैकी काही ऑइलं त्याच गटाची आहेत. पण दोन डब्यांवर तोच शब्द छापलेला असला तरी आतला माल वेगवेगळा असू शकतो. ‘सेमी सिंथेटिक’ तर आणखी सैल शब्द आहे. सिंथेटिकचा वाटा किमान किती असावा याचा सर्वमान्य आकडा नाही.

मग फरक पडतो कुठे? उष्णतेत. चांगलं सिंथेटिक ऑइल तापल्यावर कमी उडतं, लवकर आंबत नाही आणि थंडीत सहज वाहतं. रोज थोडं अंतर, माफक वेग, मॅन्युअलनुसार वेळेवर बदली, अशी साधी एअर-कूल्ड गाडी मिनरलवरही वर्षानुवर्षं उत्तम चालते. लांब पल्ला, चढ-घाट, भर गर्दीत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरात तापणारं इंजिन किंवा वरच्या आरपीएमवर फिरणारी गाडी असेल तर सिंथेटिकसाठी जास्त पैसे मोजणं सार्थकी लागतं.

तीन गैरसमज इथेच सोडून द्या. सिंथेटिकने क्लच घसरतो, हे खरं नाही. घसरवतात ती घर्षण कमी करणारी रसायनं, आणि एमए२ असलेलं सिंथेटिक वेट क्लचमध्ये निर्धास्त घालता येतं. एकदा सिंथेटिक घातलं की मागे येता येत नाही, हेही खरं नाही. आणि एका ऑइलवरून दुसऱ्यावर जाताना इंजिन धुवायला फ्लशिंग ऑइलची गरज नसते. एपीआयच्या मानकात बसणारी ऑइलं एकमेकांत मिसळली तरी गोठत किंवा फाटत नाहीत. वाटेत ऑइल कमी पडलं तर योग्य ग्रेडचं आणि जासो एमएचं कुठलंही भरून घरी या. फक्त दोन उत्तम ऑइलं मिसळून तिसरं अधिक उत्तम बनत नाही, म्हणून नेहमीची सवय म्हणून मिसळू नका.

## ६. डेटा शीट शेजारी-शेजारी ठेवा

इथपर्यंत चार-पाच ऑइलं उरली असतील. आता खरी तुलना. प्रत्येकाची डेटा शीट उघडून वहीत हे रकाने करा:

१०० अंशांचा दाटपणा. आपल्या ग्रेडच्या पट्ट्यात ऑइल कुठे बसतं ते कळतं.

व्हिस्कॉसिटी इंडेक्स. तापमान बदललं की दाटपणा किती बदलतो याचा अंक. जास्त असला की बदल कमी. पण नुसता मोठा अंक पाहून खूश होऊ नका. तो चांगल्या बेस ऑइलनेही वाढतो आणि लांबलचक पॉलिमर भरपूर घालूनही वाढतो. मोटरसायकलीच्या गिअरचे दात हे पॉलिमर तोडत जातात आणि ऑइल हळूहळू पातळ होतं. काही हजार किलोमीटरनंतर गिअर कडक पडायला लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. ५डब्ल्यू-५० सारख्या रुंद पट्ट्याच्या ऑइलला पॉलिमरची गरज जास्त, १०डब्ल्यू-३० ला कमी.

एचटीएचएस (हाय टेम्परेचर हाय शिअर). माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा. १५० अंश सेल्सियसला, प्रचंड वेगाने घासलं जात असताना ऑइल किती दाट राहतं ते यात मोजतात. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलची जी अवस्था होते तिच्या हा आकडा सर्वांत जवळ जातो. एसएईनुसार ३० ग्रेडला किमान २.९ लागतो, १०डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ला ३.७, ५० ग्रेडला ३.७. सगळ्या कंपन्या तो छापत नाहीत. जी छापते तिच्याबद्दल मला जास्त विश्वास वाटतो.

नोअ‍ॅक. २५० अंशांना तासभर तापवल्यावर किती टक्के ऑइल उडून जातं ते. जासोची कमाल मर्यादा २० टक्के आहे. एअर-कूल्ड इंजिनसाठी हा आकडा जितका कमी तितकं बरं, कारण दोन सर्व्हिसिंगच्या मधे पातळी कमी घटते.

टीबीएन (टोटल बेस नंबर). जळणातून तयार होणारी आम्लं मारायची ताकद. बदली लांबवणाऱ्याने आणि इंजिन नीट तापायच्या आतच बंद करणाऱ्याने याकडे लक्ष द्यावं.

फ्लॅश पॉइंट आणि पोअर पॉइंट प्रत्येक शीटवर असतात. तुलनेत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

समजा दोन ऑइलं आहेत, दोन्ही १०डब्ल्यू-४०, एमए२. आकडे उदाहरणापुरते घेऊ. पहिल्याचा दाटपणा १३.०, एचटीएचएस ३.६, नोअ‍ॅक १३ टक्के, टीबीएन ६.५. दुसऱ्याचा १४.५, ४.२, ८ टक्के आणि ८. दोन्ही मानकात बसतात. पहिलं ४० ग्रेडच्या खालच्या कडेजवळ आहे, गिअरमध्ये थोडं चिरडलं गेलं की ३० च्या पट्ट्यात उतरेल. दुसऱ्याकडे शिल्लक जास्त आहे. उन्हातान्हात लांब जाणाऱ्याने दुसरं घ्यावं. कामाच्या ठिकाणी जाऊन-येऊन तेवढंच चालवणाऱ्याने आणि वेळेवर बदलणाऱ्याने पहिलं घेतलं तरी काही बिघडत नाही.

शीटवरचे आकडे ‘टिपिकल’ असतात, म्हणजे प्रत्येक बॅचमध्ये थोडं इकडेतिकडे होतं. त्यामुळे दशांशांवरून वाद घालू नका. शीटची तारीखही बघा. नाव तेच ठेवून कंपन्या मिश्रण बदलतात.

सापळा: फिरत्या चाकावर बेअरिंग दाबून ‘हे ऑइल किती वजन पेलतं बघा’ अशी प्रात्यक्षिकं भरपूर दिसतात. ती चाचणी मुळात ग्रीस आणि गिअर ऑइलच्या दुनियेतली. इंजिनात तसा संपर्क होत नाही. क्लोरीनयुक्त रसायन घातलेला द्रव तिथे झकास कामगिरी करतो आणि इंजिनात तेच रसायन गंज आणू शकतं. असल्या प्रात्यक्षिकावरून ऑइल निवडू नका. वरून घालायच्या ‘इंजिन ट्रीटमेंट’च्या बाटल्याही वेट क्लचच्या गाडीपासून लांब ठेवा.

## ७. विकत घेताना

बनावट ऑइल सगळीकडे सापडतं आणि नावाजलेल्या कंपन्यांचंच जास्त बनतं. झाकणाची सील अखंड आहे का, डब्यावरचा आणि झाकणावरचा बॅच क्रमांक नीट छापलेला आहे का, पडताळणीचा कोड असेल तर तो स्कॅन होतो का, ते तिथल्या तिथे पाहा. सुटं ऑइल घेऊ नका. पावती आणि डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो जपून ठेवा, वॉरंटीत प्रश्न आला तर हे दोनच कागद कामाला येतात. मेकॅनिककडे बदलत असाल तर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यात संकोच कसला?

## ८. बदलताना

इंजिन काही मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे गाळ ऑइलसोबत बाहेर येतो. फार तापवू नका, हात भाजतो. गाडी सरळ उभी असू द्या. ड्रेन बोल्टला नवा वॉशर लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जास्त जोराने सहज जातात. फिल्टरच्या ओ-रिंगला ऑइलचं बोट फिरवा.

ओतताना मापापेक्षा थोडं कमी ओता. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, ऑइल खाली उतरू द्या, मग गाडी सरळ धरून पातळी पाहा आणि उरलेलं भरा. डिपस्टिक असेल तर ती आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअल पाहा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्त ऑइलमध्ये क्रँक फिरला की फेस होतो, आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल एअर फिल्टरपर्यंत जातं.

गाडी अगदी नवी असेल तर पहिली बदली मुळीच लांबवू नका. त्या ऑइलमध्ये नव्या भागांची बारीक धातूची पूड असते.

## ९. गाडीत घातल्यावरची तुलना

नव्या ऑइलवर पहिली फेरी मारली की गाडी लोण्यासारखी चालते. प्रत्येकाला हे जाणवतं आणि तिथेच ‘हे ऑइल जुन्यापेक्षा चांगलं’ असा निकाल दिला जातो. पण ती तुलना ताज्या ऑइलची दमलेल्या ऑइलशी झालेली असते. तेच जुनं ऑइल नव्याने घातलं असतं तरी गाडी तशीच चालली असती. म्हणून ताज्याची तुलना ताज्याशी आणि सरत आलेल्याची सरत आलेल्याशीच करा.

वहीत प्रत्येक ऑइलसाठी एवढं लिहीत जा: किती किलोमीटरवर गिअर कडक पडायला लागला किंवा चुकून न्यूट्रल लागायला लागलं, सिग्नलवर उभं असताना न्यूट्रल सहज सापडतं का, दर हजार किलोमीटरला पातळी किती घटली, क्लच कुठे सुटतो, चढावर घसरतो का. एका ऑइलला किमान दोन बदल्यांची संधी द्या. मधेच चेन सैल झाली, क्लचची केबल लावली, टायर बदलला तर तेही लिहा, नाहीतर त्याचं श्रेय किंवा दोष ऑइलला जातो.

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं असं मानू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ रंग मात्र गंभीर घ्या. ते पाणी किंवा कूलंट मिसळल्याचं लक्षण असतं. थोड्याच अंतरावर रोज चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली जराशी दुधाळ साय जमते, ती इंजिन पूर्ण तापेल अशा लांब फेरीनंतर जाते. पण कूलंट घटत असेल किंवा सगळंच ऑइल दुधाळ दिसत असेल तर गाडी चालवू नका. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल तर इंधन गळतंय, आधी ते दुरुस्त करा. अशा गाडीत कुठल्याही ऑइलची परीक्षा होऊ शकत नाही.

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी पुरं होईल ते धरायचं. कमी चालणाऱ्या गाडीचे महिनेच आधी भरतात आणि महागडं सिंथेटिक घातलं म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.

याहून पक्कं उत्तर हवं असेल तर वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून घेता येते. ऑइल वाहत असताना धारेच्या मधल्या भागातून नमुना घ्या, पहिल्या धारेत गाळ जास्त असतो. अहवालात लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं झीज दाखवतात. सिलिकॉन वाढलं तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ जातेय, मात्र नुकतंच इंजिन खोलून सीलंट लावलं असेल तर तेही सिलिकॉन दाखवतं. १०० अंशांचा दाटपणा पुन्हा मोजलेला असेल तर डेटा शीटवरच्या आकड्याशी ताडा. १४.५ चं ऑइल १२ वर आलं असेल तर गिअरनी ते किती चिरडलं ते थेट कळतं. एका अहवालावरून ऑइल बदलू नका. दोन-तीन सलग अहवालांचा कल पाहा.

काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा गॅरेजमध्ये द्या. गटारात, मातीत ओतू नका आणि चेनला वंगण म्हणूनही लावू नका. त्यात धातूची पूड आणि आम्लं असतात, आणि ते उडून मागच्या टायरवर जातं.